दीड माणसाचं खातं

आमच्या गावच्या वृक्षखात्यात दीड माणूस आहे.
एक मी. अर्धा डॉसन;
त्याचा उरलेला अर्धा रस्त्यावरचा बर्फ ढकलतो.
झाडं दोन हजार तीनशे अकरा,
प्रत्येकाला नंबर, घेर, तब्येत,
आणि कडेला एक अरुंद रकाना: शेरा.

त्यातली निम्मी एल्म.
शंभर वर्षांपूर्वी कुणाचा तरी एकाच जातीवर जीव जडला
आणि स्टेशनपासून गव्हाच्या कोठारांपर्यंत
दोन्ही बाजूंनी तो तीच लावत सुटला.
देखणं दिसलं असेल. अजून दिसतं.
प्रेअरीचा उंडारलेला वारासुद्धा
या रस्त्यात शिरताना पाय पुसून येतो.
पण एकाच जातीचं गाव एकाच आजाराने जातं,
हे मी दर बजेटला सांगते,
आणि दर बजेटला नवा नांगर येतो,
बर्फाचा.

ऑगस्टात मान वर करून हिंडायचं.
सगळं हिरवंगार, शेंड्याची एकच फांदी पिवळी,
भरल्या घरात एकालाच ताप यावा तशी.
साल खरवडायची. आत तपकिरी रेघ दिसली
की खोडावर नारिंगी ठिपका.
मग मी काही बोलत नाही.
लोकच बोलतात.

हॅल्डॉर ग्रिमसन बोलला नाही.
टर्पेंटाइन आणून त्याने ठिपका पुसला.
मी पुन्हा काढला.
त्याने पुन्हा पुसला, आधीपेक्षा स्वच्छ.
तिसऱ्या खेपेला तो झाडाखालीच उभा.
एका हातात माझ्यासाठी कॉफी,
दुसरा रंगाच्या डब्याकडे पुढे केलेला.
"दे इकडे. तू वाकडा काढतेस."
गावातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या त्याने रंगवलेल्या,
जी बंद पडली त्यांच्याही.
हात थरथरत होता,
खोडाला टेकला आणि थांबला.

जानेवारीत तोडलं. उणे एकतीस.
थंडीतच तोडतात, भुंगेरे झोपेत असतात.
फांद्या काचेसारख्या वाजत पडल्या.
हॅल्डॉरने एक ओंडका मागितला, बसायला.
नियमात बसत नव्हता: सालीखाली भुंगेऱ्यांचं बिऱ्हाड.
मग डॉसनने दुपारभर साल सोलली,
त्याच्या बर्फवाल्या अर्ध्यातून वेळ काढून,
आणि तेवढा वेळ अख्खा मिल रोड तुंबला.
नऊ तक्रारी आल्या.
मी त्या 'वृक्षसंवर्धन' या फायलीत लावल्या.

मे महिन्यात घरोघर कागद गेले:
आपल्या दारासमोर झाड हवं आहे का?
नको, ट्रकवर चिकट पडतं.
नको, पानं कोण झाडणार.
नको, आम्ही घर विकतोय.
नको. (नुसतंच. दोनदा अधोरेखित.)
एक कागद समासापर्यंत भरून आला:
लिगाया मनालो, डुकराच्या मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी,
समुद्र सोडून आल्याला तिसरा हिवाळा.
हो. कुठलंही चालेल.
त्याला काय म्हणायचं तेवढं लिहून द्या.

हॅकबेरी, मी लिहून दिलं.
खड्डा खोल नको, रुंद हवा.
मुळाची मान मातीबाहेर राहू दे;
गळ्यापर्यंत पुरलेलं झाड लगेच तक्रार करत नाही,
वीस वर्षं गप्प राहतं, मग कुणाच्या तरी गाडीवर पडतं.
ती सगळं ऐकत होती
आणि बोटाने मान कुठली ते चाचपत होती.

समोरून हॅल्डॉर काठी टेकत आला.
"सावली कधी पडेल?"
पंचवीस वर्षं, मी म्हटलं. पाणी नीट मिळालं तर.
त्याने रोपाकडे पाहिलं, मग सूर्याकडे,
फुटपाथवर काठीने एक रेघ ओढली.
"म्हणजे इथपर्यंत येईल.
डॉसनला सांग, ओंडका आणून ठेव.
जागा धरायला हवी."

संध्याकाळी नोंद केली.
क्रमांक दोन हजार तीनशे बारा.
घेर: अंगठ्याएवढा. तब्येत: अजून सांगता येत नाही.
शेरा: पाणी रोज सकाळी, तांदळाच्या धुवणाचं.
काही विचारायचं झाल्यास चारनंतर फोन करावा,
बाई झोपलेली असते.